रात्री उठून मुलीचा तारा सरळ केला, आता ती क्राफ्टला बसायलाच तयार नाही

ताई, दरवर्षी डिसेंबर जवळ आला की मी ठरवते, यंदा ख्रिसमसची सजावट सगळ्यांनी मिळून घरीच करायची. मागच्या वर्षी व्हिडिओ बघून बघून १४ आयडिया सेव्ह केल्या, ढीगभर सामान आणलं आणि एका रविवारी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. मुलगी १० वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, सासूबाई आहेत पण त्यांची बोटं आखडतात, आणि नवरा म्हणजे 'मला यातलं काही जमत नाही' म्हणून मोबाईल घेऊन बसणारा. तासाभरात भांडणं सुरू, गोंद मुलाच्या केसात, मिठाच्या कणकेचे तारे ओव्हनमध्ये फुगून फुटले. शेवटी रात्री एक वाजेपर्यंत मी एकटीने सगळं पूर्ण केलं. आणि खरं सांगते, मुलीने केलेला कागदी तारा वाकडा होता, तो मी सोडवून परत नीट चिकटवला. सकाळी तिने बघितलं आणि 'हा माझा नाहीये' एवढंच म्हणाली. यंदा विचारलं तर म्हणते 'तूच कर, तुला छान येतं.' सोप्पं काय करता येईल ते सांगा, आणि मुलीचं काय करू तेही सांगा.
रात्री एकची कारागीर

अगं, तुझी सही वाचून हसले मी, आणि मग परत वर जाऊन ते 'हा माझा नाहीये' वाचलं आणि हसू गेलं.

तुला वाटतंय की तू दोन प्रश्न विचारलेस, पण मला तरी तो एकच दिसतोय. १४ गोष्टी करायला घेतल्यास म्हणून घाई झाली, घाई झाली म्हणून सगळ्यांच्या हातातलं काम तू स्वतःकडे ओढलंस, आणि हातातलं काम गेलं की घरची माणसं पाहुण्यासारखी बसतात, मग भांडतात नाहीतर मोबाईल बघतात, दुसरं करणार काय? तर आधी त्या १४ मधल्या १० डिलीट कर. आत्ता कर, उरलेलं उत्तर नंतर वाच. चार खूप झाल्या, माणसं पण चारच आहेत तुझ्याशिवाय. आणि एका दिवशी एकच गोष्ट, तीही चाळीसेक मिनिटं, जेवणाच्या आधी, टेबलावर जुनी चादर टाकून. वेळ झाली की अर्धवट असलं तरी चादरीसकट उचलून ठेवायचं. अर्धवट राहिलेलं काम मुलांना दुसऱ्या दिवशी आपोआप खेचून आणतं, पूर्ण झालेल्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मी मुद्दाम मध्येच थांबवते.

सुरुवात धाकट्यापासून, कारण तो खूश असेल तर बाकीच्यांना काम करता येतं. त्याच्यासाठी कागदाची साखळी. नाक मुरडू नकोस, बालवाडीतलं वाटतं मान्य आहे, पण लाल, हिरवी, पांढरी अशी लांबलचक साखळी दारावरून सोडली की खोलीचं रूप पालटतं आणि त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. ए-फोर कागद आडवा धरून अडीच सेंटिमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्या काप, एका कागदात ११ होतात, प्रत्येक २१ सेंटिमीटर लांब. टोकं दोन सेंटिमीटर एकमेकांवर चिकटवली की साधारण सहा सेंटिमीटरची कडी होते, म्हणजे तीन मीटर साखळीला ५० कड्या, पाच कागद. पट्ट्या आदल्या रात्री कापून ठेव (हे एकच काम रात्री करायची तुला परवानगी आहे). स्टेपलर नको, पिन उघडी राहिली तर छोट्या बोटांना लागते, साधी गोंदाची कांडी घे आणि त्याला सांग की चिकटवून झालं की दहापर्यंत मोजेस्तोवर दाबून धरायचं. चार वर्षांच्या मुलाला मोजायला सांगितलं की तो मन लावून मोजतो, सहानंतर डायरेक्ट नऊ आला तरी चालेल, तेवढ्यात चिकटतं.

याच साखळीची एक छोटी बहीण कर, फक्त २४ कड्यांची, आणि १ डिसेंबरपासून रोज सकाळी एक कडी फाडायची. सगळ्या संपल्या की नाताळ. फाडायचा मान धाकट्याचा. डिसेंबर सुरू होऊन गेला असेल तर जेवढे दिवस उरलेत तेवढ्याच कड्या कर, कोणी तपासायला येत नाही.

आता मिठाची कणीक, ही त्या चारांच्या वरची, सगळ्यांची मिळून, कारण मागच्या वर्षी तिथे तुझा खरा पचका झाला. प्रमाण तुझं बरोबर असणार, सगळीकडे तेच सांगतात, दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि साधारण एक वाटी कोमट पाणी. फक्त पाणी एकदम ओतायचं नाही, पाऊण वाटी घालून बघायचं आणि मग चमच्याचमच्याने वाढवायचं, कारण प्रत्येक मैदा वेगळं पाणी पितो. गोळा हाताला चिकटला नाही पाहिजे आणि दुमडल्यावर भेगा पण नाही पडल्या पाहिजेत. आठ-दहा मिनिटं चांगला मळायचा. बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा असेल तर तो घेऊच नकोस, तो फुगणारच.

पण तुझे तारे फुटले ते बहुतेक उष्णतेमुळे. घाईत १८० वर टाकलेस ना? मी पण टाकले होते एकदा, वीस मिनिटांत सगळे तारे टम्म, एकाला तर अक्षरशः पोट सुटलं होतं. होतं काय की वरचा पापुद्रा लगेच कडक होतो आणि आतल्या पाण्याची वाफ होऊन तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग ती पापुद्रा उचलते नाहीतर फोडते. हे भाजायचं नसतंच मुळी, सुकवायचं असतं. ओव्हन १०० ते ११० अंशांवर, जाडी पाच-सहा मिलिमीटर, वेळ दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटायचं. जाड झालं असेल तर अजून वेळ लागतो. पाठीमागे बोटाने दाबून बघ, दबतंय म्हणजे आत ओलं आहे. ओव्हन नकोच असेल तर जाळीवर ठेवून रोज उलटत राहा, तीन-चार दिवसांत वाळतं, हवा दमट असेल तर आठवडाही लागतो.

ओवायचं भोक सुकवायच्या आधी पाडायचं, स्ट्रॉने, कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत, कारण सुकल्यावर भोक पाडायला गेलीस की तारा दोन तुकड्यांत हातात येतो. आणि भोक पाडतानाच मागच्या बाजूला टूथपिकने नाव आणि साल कोरून घे. दहा वर्षांनी वस्तू कोणी केली यावरून घरात वाद होतात, माझ्याकडे झालेत.

रंग पूर्ण गार झाल्यावर, ॲक्रिलिक. रंग वाळला की दोन्ही बाजूंनी, कडांना आणि भोकाच्या आतूनसुद्धा वॉर्निशचे दोन हात. हे लोक टाळतात आणि मग पुढच्या वर्षी डबा उघडल्यावर घामेजलेले मऊ तारे निघतात, मीठ हवेतला ओलावा ओढतं त्याला ते तरी काय करणार. ठेवताना घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिकाची पुडी, आणि ती पुडी मुलाच्या हाताला लागणार नाही अशी. घरात कुत्रा असेल तर हे तारे तो पोचेल तिथे लावायचेच नाहीत, एवढं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

कणीक मळायला सासूबाईंना दे, पण कोमट आणि मऊ असतानाच, आणि दुखायला लागलं तर थांबायचं हे आधीच बोलून ठेव. त्यांचं स्वतःचं काम मात्र वेगळं असू दे. जाड पुठ्ठ्याचा दहाएक सेंटिमीटरचा तारा कापून दे, कडांना छोट्या खाचा पाड आणि जाड लोकरीचा गुंडा दे. लोकर नुसती आडवीतिडवी गुंडाळत जायची, खाचांमुळे घसरत नाही, कात्री धरावी लागत नाही, बारीक नजर लागत नाही, पुठ्ठा टेबलावर टेकवून एका हाताने फिरवला तरी जमतं. आणि प्लीज त्यांना 'तुम्ही बसा हो निवांत, नुसतं बघा' असं म्हणू नकोस. प्रेमाने म्हणतो आपण, पण त्यांना ते रिटायर केल्यासारखं लागतं.

नवरोबा. 'मला जमत नाही' म्हणणाऱ्या माणसाला रंगकाम द्यायचं नाही, त्याला असं काम द्यायचं की ज्यात बरोबर आणि चूक असतं. कागदाचे हिमकण. बहुतेक लोक कागद चौकोनी दुमडत जातात आणि चार नाहीतर आठ पाकळ्यांची फुलं करतात, दिसतात छान पण तो हिमकण नव्हे. खरा हिमकण सहाच बाजूंचा, कारण बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत बसतात. केप्लर, तोच ग्रहांच्या कक्षावाला, त्याने १६११ मध्ये यावर लिहिलं होतं की हे नेहमी सहाच का, आणि पक्कं उत्तर त्याला तेव्हा सापडलं नव्हतं. पुढे १८८५ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटच्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि मग आयुष्यभरात असे ५००० च्या वर काढले. नवऱ्याला हे सांग आणि कात्री समोर ठेव, बास.

घडी अशी: चौकोनी पातळ कागद कर्णावर दुमडून त्रिकोण, तो परत अर्धा दुमडून छोटा त्रिकोण. आता कागदाचा मूळ मध्य जिथे आलाय ते टोक काटकोनात असतं, त्याचे तीन सारखे भाग करायचे, एक बाजू पुढे एक मागे. प्रत्येक भाग ३० अंश. पहिल्या दोन-तीन वेळा भाग सारखे येत नाहीत, मग तो कोनमापक शोधायला उठेल, उठू दे. वरची शेपटी तिरकी कापून टाकायची आणि मग दोन्ही कडांवर टिकल्या, खाचा, काय वाटेल ते, फक्त एक नियम, कुठलीच दुमडलेली कड या टोकापासून त्या टोकापर्यंत कापायची नाही, नाहीतर उघडल्यावर सहा सुटे तुकडे पडतात. १२ पदर एकत्र कापायचे असतात म्हणून जाड कार्डपेपर नको. उघडण्याचं काम धाकट्याला द्यायचं, हळूहळू उघडायला सांग, तो जो 'अय्या' ओरडतो ना त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

आणि आता मुलगी.

'तूच कर, तुला छान येतं' हे तिने रागाने म्हटलं असतं तर सोपं होतं. ती समजूतदारपणे म्हणाली, तेच मला टोचलं. तिच्या हिशोबाने या घरात क्राफ्टची एक मास्तरीण आहे आणि ती तू आहेस, आणि तिने केलेलं रात्रीत तपासलं जातं. आता तू कितीही 'छान केलंस गं' म्हटलंस तरी तिला ते खरं वाटणार नाही. म्हणून तिला असं काहीतरी शिकू दे जे तुला येतच नाही, आणि मग तिच्याकडून तू शीक. खरंखुरं शीक हां, येत असून न येण्याचं नाटक दहा वर्षांच्या मुलीला लगेच कळतं.

मी सुचवेन डेन्मार्कची विणलेली कागदी हृदयं. तिकडे ख्रिसमस ट्रीवर टांगतात, आणि सगळ्यात जुनं म्हणून जे जपून ठेवलंय ते परीकथावाल्या हान्स क्रिस्टियन अँडरसनने १८६० मध्ये केलेलं आहे. दोन रंगांचे कागद, प्रत्येकी १८ बाय ६ सेंटिमीटर. मधोमध दुमडले की ९ बाय ६ चे तुकडे होतात. दुमडलेली बाजू सरळ ठेवायची, समोरची उघडी बाजू अर्धगोल कापायची. मग दुमडलेल्या बाजूने आत साडेसहा सेंटिमीटर लांब दोन चिरा, म्हणजे तीन पट्ट्या. दोन्ही तुकडे असेच. आता गंमत ही की चटईसारखं वर-खाली विणायचं नसतं. प्रत्येक पट्टी ही दुपदरी आहे, म्हणजे तिला पोट आहे, तर एका रंगाची पट्टी समोरच्या पहिल्या पट्टीच्या पोटातून घालायची, दुसरीला स्वतःच्या पोटात घ्यायची, तिसरीच्या परत पोटातून. पुढच्या पट्टीला बरोब्बर उलट. वर-खाली विणलं तरी दिसतं तसंच पण मग ते उघडत नाही, आणि नीट विणलं तर हृदयाची छोटी पिशवी होते, आत चिठ्ठी मावते. शेवटची पट्टी घालताना कागद फाटायला बघतो, सगळ्यांचाच, तिथे आधीचं विणलेलं थोडं वर सरकवून जागा करायची.

हा उतारा तिच्या हातात दे, आणि दोन दिवस त्यात नाक खुपसू नकोस. पहिली दोन-तीन फाटतील. फाटलेल्यांबद्दल काही बोलायचं नाही, कागद संपले तर अजून आणून ठेवायचे. तिला जमलं की म्हण, मला दाखव. आणि तुझा पहिला नमुना फाटला की तो फेकून देऊ नकोस, टेबलावर तिच्या फाटलेल्यांशेजारीच असू दे.

माफी मागू का, असं तू विचारलं नाहीस पण पत्रात ते दिसतंय. माग. छोटी माग, दोन वाक्यांत, 'मागच्या वर्षी तुझा तारा मी न विचारता बदलला, ते चुकलं माझं.' त्याला 'पण' जोडायचा नाही, मला उशीर झाला होता, पाहुणे येणार होते, काही नाही. आणि मग तो तारा डब्यातून काढून तिच्यासमोर ठेव आणि विचार, परत तुझ्यासारखा करायचाय का. ती खांदे उडवून निघून गेली तरी तारा तिच्या टेबलावर राहू दे, मागे लागू नकोस.

बाकी फुटकळ. चमकी घरात आणू नकोस, मी हात जोडते, ती फेब्रुवारीत पण उशीवर सापडते, आणि ते बारीक प्लास्टिकच असतं, युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३ पासून सुटी प्लास्टिकची चमकी विकण्यावर बंदी आणलीये. चमक हवीच असेल तर गोंदाची रेघ ओढून त्यावर जाडं मीठ भुरभुरव, दिव्यासमोर दवासारखं लुकलुकतं. हॉट ग्लू गन फक्त तुझ्या हातात, साध्या पांढऱ्या गोंदाने या सगळ्या गोष्टी होतात. काचेच्या बरणीत मेणबत्तीऐवजी बॅटरीवरची एलईडी माळ, आणि तिचं बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं आहे का ते बघून घे, बटण सेल चार वर्षांच्या मुलाने गिळला तर फार वाईट होतं. हाताशी वेळ उरलाच तर संत्र्याच्या पाच-सहा मिलिमीटरच्या चकत्या टिपून घेऊन १०० अंशांवर तीन-चार तास सुकव, काचेच्या रंगीत खिडकीसारख्या दिसतात, पण नाही केल्यास तरी काही अडत नाही.

लावायच्या दिवशी सगळ्यांना एकेक आपलं आपलं टांगू दे. धाकट्याचा हात जेवढा पोचतो तेवढ्याच पट्ट्यात सगळी गर्दी होणार, एकाच फांदीवर सहा तारे, वर सगळं मोकळं. मिठाचे तारे जड असतात, फांदी फार वाकली तर त्याला विचारून, त्याच्याच हाताने एक-दोन खालच्या जाड फांदीवर हलव. बाकीचं तसंच. आणि त्या रात्री दहाला झोप, हवं तर नवऱ्याला सांग तुझ्या कात्र्या लपवून ठेवायला.